ठाणे ते तावडू, मोटरसायकलवर एकटीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या घरापासून हरियाणातल्या तावडूच्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमपर्यंत आणि तिथून परत, असा प्रवास मी साडेतीनशे सीसीच्या मोटरसायकलवर एकटीने दोनदा केला. तेव्हापासून ओळखीचे आणि अनोळखी असे अनेक जण मला प्रश्न पाठवत आले आहेत, आणि त्यांतले बरेचसे पुन्हा पुन्हा तेच असतात. ती सर्व उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. कोणतेही उत्तर सुटे वाचता येईल; दुसऱ्या उत्तराची गरज पडते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हा रस्ता नेमका कुठून जातो आणि एकूण अंतर किती आहे?

घोडबंदर रस्त्याने बाहेर पडून फाउंटन हॉटेलच्या चौकात महामार्गाला लागायचे, वसईची खाडी ओलांडायची, आणि मग मनोर, चारोटी, तलासरी, वापी, वलसाड, कामरेज, भरूच, वडोदरा, अहमदाबाद, हिंमतनगर, शामळाजी, उदयपूर, चितोडगड, भिलवाडा, किशनगड, जयपूर, कोटपुतली, बेहरोर, धारूहेरा या क्रमाने बिलासपूर चौकापर्यंत जायचे. तिथे महामार्ग सोडून उजवीकडे तावडूच्या रस्त्याला वळले की काही किलोमीटरवर संग्रहालय येते. एका बाजूचे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर भरते. फाउंटनला ज्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आपण चढतो, त्याच क्रमांकाची पाटी बिलासपूर चौकातही दिसते. नकाशात मात्र 'बिलासपूर' एवढेच टाकू नये, कारण छत्तीसगडमध्ये एक बिलासपूर आहे आणि हिमाचलमध्येही एक आहे. संग्रहालयाचे पूर्ण नाव टाकावे. मानेसर आले तर वळण मागे राहिले असे समजावे.

२. हे खरोखर मोटरसायकलींचे संग्रहालय आहे का?

फक्त मोटरसायकलींचे नाही. २०१३ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय वाहतुकीच्या सर्व साधनांचे आहे. पालख्या, बैलगाड्या, होड्या, जुन्या मोटारी, रेल्वेचा सलूनचा डबा आणि छतापासून टांगलेले छोटे विमान एवढे सगळे तिथे एका छताखाली आहे, आणि सायकली, स्कूटर व मोटरसायकली हा त्यातला एक भाग आहे. केवळ दुचाकी पाहण्याच्या अपेक्षेने गेलेल्या एका स्नेह्यांची थोडी निराशा झाली होती, म्हणून हे आधीच सांगते. मला मात्र दुचाकीला असा शेजार मिळाला हे फार आवडले. पालखी आणि बैलगाडी पाहून पुढे आल्यावर मोटरसायकलसमोर उभे राहिले की, एका माणसाला दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर किंवा वेळापत्रकावर अवलंबून न राहता दूर जाता येणे ही किती अलीकडची सोय आहे, हे आपोआप लक्षात येते. काय पाहावे, हे उत्तर १४ मध्ये सविस्तर लिहिले आहे.

३. माझ्याकडे १२५ सीसीची गाडी आहे. तिच्यावरून जमेल का?

जमेल. सव्वाशेची गाडी ताशी ६० ते ६५ किलोमीटरच्या वेगाने दिवसभर आरामात चालते, आणि हा रस्ता जवळजवळ सर्वत्र चौपदरी किंवा सहापदरी असल्याने वेगासाठी कुणाशी झुंजावे लागत नाही. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. ट्रक ओलांडताना लहान इंजिनाकडे राखीव जोर कमी असतो, म्हणून ओलांडण्याचा निर्णय बराच आधी घ्यावा लागतो आणि अनेकदा न घेतलेलाच बरा असतो. दिवसाचे अंतर उत्तर ४ मध्ये दिलेल्यापेक्षा पाऊणपट धरावे आणि एक दिवस वाढवावा. गाडीच्या ताकदीपेक्षा बैठक जास्त महत्त्वाची आहे. तीन तास बसल्यावर कंबर दुखत असेल, तर मोठे इंजिन घेऊनही ती दुखायची थांबत नाही.

४. किती दिवस लागतात आणि रोज किती अंतर कापावे?

मी जाताना चार दिवस घेते: ठाणे ते वडोदरा, वडोदरा ते उदयपूर, उदयपूर ते जयपूर, आणि चौथ्या दिवशी जयपूर ते तावडू हा सुमारे २०० किलोमीटरचा छोटा टप्पा. पहिले तीन टप्पे ३७५ ते ४२५ किलोमीटरच्या आसपास आहेत. पाचवा दिवस पूर्ण संग्रहालयासाठी ठेवते. परतीचे चार दिवस धरून नऊ दिवस होतात, आणि रजा दहा दिवसांची टाकावी.

एका दिवसात आठशे किलोमीटर मारणारे लोक आहेत, आणि त्यांच्या दमाबद्दल मला आदर आहे. एकट्याने जाताना मात्र मी तसे करत नाही, कारण थकवा आल्याचे सांगणारे दुसरे कुणी सोबत नसते आणि थकलेल्या माणसाला स्वतःचा थकवा सर्वांत शेवटी कळतो. माझे नियम साधे आहेत. दर ८० ते १०० किलोमीटरला उतरायचे, हेल्मेट काढायचे, पाणी प्यायचे आणि दहा पावले चालायचे. वळणापुढचा फलक वाचूनही त्यावर काय लिहिले होते ते आठवले नाही, तर पुढच्या पंपावर अर्धा तास थांबायचे. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचायचे, आणि ते जमणार नसेल तर अलीकडच्या गावात राहायचे.

५. कोणत्या महिन्यात निघावे?

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत जयपूरच्या पुढे, विशेषतः हरियाणात, सकाळी दाट धुके असते, आणि त्या धुक्यात महामार्गावर उभा असलेला ट्रक दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. धुक्यात सापडलातच तर सकाळी दहापर्यंत हॉटेल सोडू नये. एप्रिलपासून राजस्थानातले ऊन जाकीट घालून सोसवत नाही. पावसाळ्यात पालघर जिल्ह्यातला रस्ता आणि घोडबंदरचा गायमुख घाट यांची अवस्था ठाणेकरांना वेगळी सांगायला नको. दिवाळीच्या आठवड्यात गुजरातमधली गर्दी फार वाढते. फेब्रुवारीत थंडी फक्त पहाटे लागते, पण चांगलीच लागते, म्हणून उदयपूरपासून पुढे जाकिटाच्या आत एक लोकरी थर आणि हातांत पूर्ण मोजे हवेतच.

६. नकाशा समृद्धी किंवा दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्ग दाखवतो. तिकडून का जात नाही?

कारण तिथे दुचाकीला परवानगी नाही. समृद्धी महामार्ग, दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्ग आणि अहमदाबाद–वडोदरा द्रुतगती मार्ग हे तिन्ही मोटरसायकलला बंद आहेत, तसेच आपल्याकडचा अटल सेतू आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गही बंद आहेत. समृद्धीचे इकडचे टोक असलेले आमणे आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे तिच्याबद्दल पुष्कळ जण विचारतात, पण समृद्धी आपल्या दिशेचा रस्ताही नाही.

नकाशात दुचाकीचा पर्याय निवडावा, आणि तरीही वडोदऱ्याला डोळे उघडे ठेवावेत, कारण तिथे रुंद, मोकळा रस्ता सरळ द्रुतगती मार्गाकडे नेतो आणि नाक्यावरून परत फिरावे लागते. दुचाकीने आणंद, नडियादवरून जुन्या महामार्गानेच जायचे. अहमदाबादची गर्दी टाळायची असेल, तर वडोदऱ्याहून हालोल, गोध्रा, लुणावाडा, मोडासा करत शामळाजीला निघता येते. हा रस्ता अरुंद आहे, पण दुतर्फा शेते आहेत आणि मला तो जास्त आवडतो.

७. ठाण्यातून कधी बाहेर पडावे?

पहाटे साडेचार ते पाचच्या दरम्यान, आणि शक्यतो रविवारी. घोडबंदर रस्त्यावर त्या वेळी अवजड वाहने असतात, पण ती चालती असतात. सात वाजल्यानंतर तीच उभी असतात. गायमुखच्या उतारावर ट्रकच्या मागे राहावे, शेजारी कधीच नाही. मनोरपर्यंत उजाडते, आणि पहिला चहा तिथे घेतला की शहर मागे पडल्याचे जाणवते.

८. निघण्यापूर्वी गाडीची काय तयारी करावी?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट: सर्व्हिसिंग आदल्या दिवशी करू नये. निघण्याच्या किमान दहा दिवस आधी करावे आणि त्यानंतर दोनशे किलोमीटर गाडी चालवून पाहावी. ठाण्याहून कल्याण, मुरबाडमार्गे माळशेज घाटापर्यंत जाऊन परत येणे ही त्यासाठी उत्तम चाचणी आहे, कारण तिच्यात गर्दी, मोकळा रस्ता आणि चढ तिन्ही येतात. सामान बांधूनच जावे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. पहिल्या वेळी मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एका सर्व्हिस सेंटरमधून गाडी आणली. चेन नवी घट्ट केलेली होती आणि मला ते चांगलेच वाटले. नवसारीच्या पुढे मागच्या बाजूने ठराविक अंतराने कट्‌ असा आवाज येऊ लागला. कामरेजच्या अलीकडे सर्व्हिस रोडला थांबून मी अंगठ्याने चेन दाबून पाहिली, तर ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ होती. सामानाच्या वजनाने मागचे शॉकअप दबतात, चाक वर सरकते आणि चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवर तिला पुरेशी ढील ठेवली नाही, तर भरलेल्या गाडीवर ती स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे, दात आणि बेअरिंग खायला लागते. रस्त्याकडेच्या मेकॅनिकने मला सामानासकट गाडीवर बसायला सांगितले, मागच्या आसाचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर मोजून सारखे फिरवले आणि चेन अंगठ्याखाली वरखाली हलू लागली तेव्हाच नट आवळला. वीस मिनिटांचे काम होते. तेव्हापासून चेनची ढील मी गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे स्वतः मोजते आणि दर ५०० किलोमीटरला तेल देते.

त्याखेरीज टायर पाहावेत. टायरच्या कडेला कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत रबर झिजले असेल तर टायर बदलावा. ब्रेकचे पॅड, क्लच वायर आणि बॅटरी एवढे तपासले की पुरे. तारांच्या चाकात ट्यूब असेल तर सुटी ट्यूब बरोबर ठेवावी, कारण ती प्रत्येक दुकानात मिळेल असे नाही.

९. सामान किती आणि कसे न्यावे?

दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या सॅडल बॅगा आणि मागे एक छोटी पिशवी. पाठीवर सॅक घेऊ नये. पहिल्या शंभर किलोमीटरला तिचे वजन जाणवत नाही, पण तिसऱ्या दिवशी खांदे उचलत नाहीत. तीन जोड कपडे, रेनकोट, पंक्चरचे साहित्य, हवा भरण्याचा छोटा पंप, सुटी क्लच वायर, टॉर्च, औषधे आणि दोन लिटर पाणी. बंजी दोरीचे टोक कधीही मोकळे लोंबू देऊ नये, कारण ते मागच्या चाकात गेले की चाक जागेवर थांबते.

१०. कोणती कागदपत्रे लागतात? गाडी माझ्या भावाच्या नावावर आहे, ते चालेल का?

वाहन परवाना, नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी. ही सर्व डिजिलॉकरमध्ये असली तरी ग्राह्य धरली जातात, पण फोन बंद पडू शकतो म्हणून मी मूळ परवाना आणि बाकीच्यांच्या प्रती बाळगते. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी लावलेली असावी. राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांवर दुचाकीला पथकर नाही. कडेच्या मोकळ्या मार्गिकेतून जावे.

भावाच्या नावावरची गाडी नेणे बेकायदेशीर नाही. मात्र विम्यातले मालक-चालकाचे व्यक्तिगत अपघात संरक्षण मालकासाठीच असते, म्हणजे तुम्ही चालवत असताना ते तुम्हाला मिळत नाही. स्वतःचा वेगळा अपघात विमा काढूनच निघावे.

११. ताई, एकट्या बाईने जाणे सुरक्षित आहे का? घरच्यांना कसे समजावले?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त मुली विचारतात, म्हणून जपून लिहिते. दोन्ही प्रवासांत माझ्याशी कुणी वाईट वागले नाही. तेवढ्यावरून सगळीकडे सगळे सुरक्षित आहे असे मी म्हणणार नाही. मी मुक्काम आदल्या रात्री ठरवते, फोनवर हॉटेलच्या माणसाशी बोलते, आणि गाडी आवाराच्या आत ठेवता येत नसेल तर तिथे राहत नाही. स्वच्छतागृहासाठी मोठे पेट्रोल पंप किंवा कुटुंबे थांबलेली हॉटेले निवडते. कुठे मुक्काम करणार हे रस्त्यात कुणी विचारले, तर पुढच्या शहराचे नाव सांगते आणि भाऊ तिथे वाट पाहतो आहे असे म्हणते. हे खोटे बोलताना मला संकोच वाटत नाही.

सासूबाईंची काळजी मात्र युक्तिवादाने जाणारी नव्हती. त्यांना मी एका कागदावर रोजचा टप्पा, हॉटेलचा फोन आणि पोहोचण्याची वेळ लिहून दिली, आणि सकाळी निघताना, दुपारी जेवताना व मुक्कामी पोहोचल्यावर असे रोज तीन फोन करायचे कबूल केले. दुसऱ्या दिवशी उदयपूरला पोहोचायला मला चाळीस मिनिटे उशीर झाला, तर त्यांनी थेट हॉटेलला फोन करून चौकशी केली होती. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी तो कागद त्यांनीच आधी मागून घेतला.

१२. वाटेत गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर एकट्याने काय करायचे?

गाडी बंद पडली तर आधी ती पांढऱ्या रेषेच्या बाहेर, शक्य तितकी डावीकडे न्यावी आणि स्वतः कठड्यापलीकडे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक चोवीस तास चालतो, आणि कोणत्याही संकटात ११२. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला की जागा लवकर सापडते. या रस्त्यावर पंक्चरचे दुकान साधारण प्रत्येक गावाच्या फाट्यावर आहे. ट्रकचालक थांबून मदत करतात, हा माझा दोन्ही वेळचा अनुभव आहे.

नाव, रक्तगट, ॲलर्जी आणि घरचे दोन फोन क्रमांक लिहिलेले जाड कार्ड जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावे. फोनला कुलूप असते, कार्डाला नसते. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यानेच संरक्षण दिले आहे. त्यामुळे तुम्हाला कुणी रस्त्यात पडलेले दिसले तर थांबायला घाबरू नये.

१३. सर्वांत कठीण टप्पा कोणता?

जयपूर ते बिलासपूर, म्हणजे नेमका सर्वांत छोटा. कोटपुतली, बेहरोर, नीमराणा, धारूहेरा हा औद्योगिक पट्टा असल्यामुळे ट्रकची रांग संपत नाही, आणि उड्डाणपुलांखालून स्थानिक वाहने उलट्या दिशेने सर्व्हिस रोडवर येतात. हा टप्पा दुपारपूर्वी पार करावा. किशनगडच्या आसपास संगमरवराचे ट्रक असतात. त्यांच्यामागे अंतर ठेवावे. शामळाजीपासून उदयपूरपर्यंत अरवलीच्या टेकड्यांतून जाणारी वळणे मात्र या प्रवासातली सर्वांत सुंदर आहेत, आणि तिथे घाई करणे हा शुद्ध अपव्यय आहे.

१४. संग्रहालयाला किती वेळ द्यावा आणि तिथे काय पाहावे?

पूर्ण दिवस द्यावा. सोमवारी संग्रहालय बंद असते, म्हणून दिवस मोजूनच ठाण्याहून निघावे. वेळ आणि तिकीट आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावे. तावडूला संध्याकाळी पोहोचून दुसऱ्या दिवशी सकाळी ताजेपणाने आत जावे. चौथ्या दिवशी दुपारी धुळीने भरलेल्या अंगाने एक तासात सर्व मजले उरकणे मी पहिल्या वेळी केले आणि त्याची मला अजून हळहळ वाटते.

चार दिवस इंजिनावर बसून आल्यानंतर यंत्र पाहण्याची नजर बदललेली असते. हाताच्या तळव्यांत थरथर शिल्लक असते, डावा पाय गिअरच्या सवयीने हलतो, आणि समोरच्या यंत्रावर माणूस कसा बसत असेल हे शरीरालाच कळते. म्हणून जुनी दुचाकी पाहताना आधी हँडल, पायाची जागा आणि बैठक पाहावी, रंग नंतर.

जावा किंवा येझदी समोर आली की डावी बाजू पाहावी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९६ पर्यंत या गाड्या झाल्या. त्यांची किक आणि गिअर एकच दांडी आहे: ती आत दाबून वर फिरवली की किक, आणि किक मारून परत खाली आणली की गिअर. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. ती सुरू करण्याचीही रीत होती. किक हळूहळू दाबत ॲमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या घड्याळाचा, काटा मधोमध आणायचा, सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डीकॉम्प्रेसरची छोटी पट्टी ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, आणि मग एकच भरीव किक. ज्याला ती रीत येत नसे, त्याची पोटरी किकच्या उलट्या तडाख्याने सुजत असे. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरमध्ये १९५५ पासून बुलेट तयार होऊ लागली, आणि इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडल्यावरही ती इथे बनत राहिली.

राजदूत १७५ मूळच्या पोलिश गाडीवरून घेतलेली होती, हे पुष्कळांना माहीत नसते. १९८५ च्या आसपास जपानी कंपन्यांशी झालेल्या भागीदारीतून शंभर सीसीच्या गाड्या आल्या. यामाहाची आरएक्स १०० टू-स्ट्रोक होती, हीरो होंडाची सीडी १०० फोर-स्ट्रोक. पेट्रोल वाचवणारी दुसरी वाट पुढे देशाने धरली. आज आपण ज्यावर बसून जातो ते यंत्र त्याच वाटेवरचे आहे.

आणि स्कूटरींपाशी थांबावे. माझ्या वडिलांची लॅम्ब्रेटा होती. ती बनवणाऱ्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीचा कारखाना भांडुपला होता, म्हणजे आमच्या ठाण्यापासून काही स्टेशने अलीकडे. व्हेस्पाचे इंजिन उजव्या अंगाला असते, लॅम्ब्रेटाचे मधोमध, आणि तिची चेन बंद पेटीत तेलात फिरते. बाबा पंपावर पेट्रोलमध्ये तेल मिसळून घेत, टाकीचे झाकण लावून गाडी दोन्ही हातांनी हलवत आणि मगच मला पुढे उभे करत. त्या निळ्या धुराचा वास मला त्या दालनात, धूर नसतानाही आला. संग्रहालयाच्या वहीत मी भांडुपचे नाव लिहून आले.

१५. संग्रहालय पाहताना सामान कुठे ठेवायचे?

सामान मुक्कामाच्या खोलीतच ठेवून यावे, हे सर्वांत सोपे. जाकीट आणि हेल्मेट घेऊन चार मजले फिरणे त्रासाचे होते.

१६. माझी बुलेट १९९८ ची आहे. तिच्यावरूनच जाण्याची इच्छा आहे. अडचण येईल का?

येऊ शकते, आणि ती यंत्राची नसून कायद्याची आहे. तावडू नूह जिल्ह्यात येते आणि नूह जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. त्या क्षेत्रात १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२५ मध्ये न्यायालयाने या कारवाईबाबत नवे आदेश दिले, म्हणून निघण्याच्या आठवड्यात त्या वेळची स्थिती तपासावी. महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण झालेले आहे, एवढ्यावर भिस्त ठेवू नये. माझा सल्ला असा की जुनी बुलेट जयपूरला विश्वासाच्या जागी ठेवावी आणि शेवटचा टप्पा बसने करावा. शिवाय इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या कार्ब्युरेटरची रबरे आणि पेट्रोलच्या नळ्या लवकर खराब होऊ शकतात, म्हणून त्या नव्या घालूनच निघावे. चेनबद्दल उत्तर ८ पाहावे.

१७. एकूण खर्च किती येतो?

जाऊन-येऊन २,८०० किलोमीटर आणि लिटरला ३५ किलोमीटरचे ॲव्हरेज धरले तर ८० लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०० रुपयांच्या आसपास भाव धरला तर सुमारे ८,००० रुपये. राहण्या-जेवण्याचा खर्च ज्याच्या त्याच्या सवयीवर आहे. तेवढीच आणखी एक रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी आणि तिला हात लावू नये.

१८. परत येताना गाडी रेल्वेने पाठवता येते का?

येते, आणि रजा कमी असेल किंवा हात दुखावला असेल तर तेच करावे. स्टेशनच्या पार्सल कार्यालयात नोंदणीपत्राची प्रत आणि ओळखपत्र द्यावे लागते. स्वतःचे तिकीट असेल तर गाडी लगेज म्हणून त्याच गाडीने नेता येते, नसेल तर पार्सल म्हणून जाते आणि मग ती कधी पोहोचेल याची खात्री धरू नये. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. आरसे काढून बॅगेत ठेवावेत, क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांवर कापड गुंडाळावे, आणि गोणपाटाची बांधणी समोर उभे राहून करून घ्यावी. टाकीवर आणि मागच्या सीटवर, असे दोन ठिकाणी नाव, फोन आणि उतरण्याचे स्टेशन ठळक लिहावे. मुंबईत उतरल्यावर टाकीत पेट्रोल नसते हे लक्षात ठेवून घरच्या कुणाला तरी स्टेशनवर बोलवावे, कारण सामानासकट गाडी ढकलत पंप शोधणे एकट्याला फार जड जाते.